कमरेवरचा हात

"एका बोटाने दाखव," मंगलाबाई म्हणाल्या. "सगळी कंबर नको. नेमकं दुखतं तिथे बोट ठेव."

सिंधू टेबलावर पालथी पडली होती. तिने उजवा हात पाठीमागे नेला आणि कमरेच्या खाली, जिथे पाठीला खळी पडते, तिथे बोट टेकवलं. ती जागा तिला इतकी पाठ झाली होती की चाचपडावंसुद्धा लागलं नाही.

मंगलाबाईंनी तिचं बोट बाजूला केलं आणि तिथे स्वतःचा अंगठा ठेवला.

शरणपूर रोडला एका जुन्या बैठ्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत मंगलाबाई थोरातांचा दवाखाना होता. त्या मुळात नर्स. मग मुंबईला जाऊन फिजिओथेरपी शिकल्या, बरीच वर्षं इस्पितळात काढली आणि पन्नाशी जवळ आल्यावर स्वतःचं टेबल मांडलं. लोक त्यांना मालिशवाल्या बाई म्हणत आणि त्या दर वेळी ते दुरुस्त करत. बाहेरच्या बाकावर बहुतेक तरणी माणसंच बसलेली असत. अंबडच्या कारखान्यात वजनं उचलून कंबर धरलेली पोरं, बाळंतपणानंतर धड उभं राहता न येणाऱ्या मुली, मधूनच एखादा कबड्डीवाला. सिंधूला तिथे हाडांच्या डॉक्टरांनीच पाठवलं होतं. एक्सरेत काही दिसत नाही, गोळ्यांनी भागत नाही, आता हाताने बघायला हवं, असं ते म्हणाले होते.

मंगलाबाईंनी तिला उताणं केलं, दोन्ही घोटे जुळवून पाहिले, उठून बसायला लावलं, पुन्हा पाहिले. झोपल्यावर सारखे दिसणारे पाय बसल्यावर मागेपुढे होत होते.

"कमरेचं हाड आणि कण्याच्या तळाचं हाड इथे मिळतात," त्या म्हणाल्या. "भाकरी मोडून दोन्ही तुकडे परत जुळवून ठेवावेत, तसा हा सांधा आहे. फार हलत नाही. पण जरा अडकला की माणसाला ना सुखाने बसू देतो, ना उभं राहू. पडली होतीस का कधी?"

"जीपमधून," सिंधू म्हणाली.

त्यांनी पुढे विचारलं नाही. तिला पुन्हा पालथं केलं, तळहाताची टाच त्या हाडावर ठेवली, श्वास सोडायला सांगितला आणि हळूच, पुढच्या बाजूला, दाबलं.

सिंधू टेबलावरून खाली उतरली. नको, एवढंच म्हणाली. पदर सावरत, चपला पायांत अर्ध्यामुर्ध्या अडकवून ती बाहेर आली आणि बाकावर बसलेल्या आईला तिने चल म्हटलं. मंगलाबाई दारापर्यंत आल्या. दुखलं का, त्यांनी विचारलं. सिंधूने मान हलवली, पण ती हो होती की नाही, ते आईलाही कळलं नाही.

दुखलं नव्हतं. दुखलं असतं तर ती दात आवळून पडून राहिली असती. तो हात तिच्या ओळखीचा होता.

सिंधू पगारे शिकली नाशिकरोडला, नोकरी लागली सुरगाण्याच्या डोंगरात. वडील सहादू पगारे प्रेसमध्ये कामाला. घरात पहिली मास्तरीण झालेली ही मुलगी, म्हणून त्यांना तिचं कोण कौतुक. आईचा, रंगूबाईचा, जीव मात्र तुटायचा; एवढ्या लांब, एकटी, जिथे धड एस.टी. जात नाही. सिंधूला ते गाव आवडलं होतं. पोरं बुजरी होती, पण एकदा जवळ आली की सोडत नसत. शनिवारी शाळा सुटली की मिळेल त्या जीपने वणीपर्यंत यायचं आणि पुढे एस.टी.ने घर गाठायचं, असा तिचा शिरस्ता.

एकोणऐंशीच्या दिवाळीनंतरचा तो शनिवार. भातकापणी उरकली होती आणि माणसं द्राक्षाच्या मळ्यांवर कामाला निघाली होती. जीपमध्ये मुंगीला जागा नव्हती. सिंधू मागच्या बाकावर, अगदी कडेला बसली होती, तिच्या पाय ठेवायच्या जागेत कोणाचं तरी भांड्यांचं गाठोडं. आतल्या बाजूला तिला खेटून एक तरुण बाई बसली होती. तिच्या मांडीवरही गाठोडं आणि त्यावर वर्षाची पोर. बाईचा नवरा मागच्या फळीवर लोंबकळत उभा होता. पोर रडायला लागली तशी सिंधूने तिला आपल्याकडे घेतलं. बाई हसली. गाव कोणतं, मळा कोणाचा, असं थोडं बोलणं झालं. पोरीचं नाव तिने सांगितलं असेल, पण इंजिनाच्या आवाजात सिंधूला ते ऐकू गेलं नाही. बाईचं नाव भागी होतं, हे तिला नंतर कळलं.

घाटात उतारावर ब्रेक लागला नाही. जीप कठड्याच्या दगडांवरून घसरली आणि एका सागाच्या झाडाला तिरकी होऊन अडली. क्षणभर सगळं थांबलं. कोणी ओरडलंसुद्धा नाही. मागून दोघं-तिघं उड्या टाकून गेले. सिंधूने पोर दोन्ही हातांनी वर धरली होती. तिचा पाय गाठोड्यात अडकला होता. आणि मग तिच्या कमरेला, उजव्या बाजूला, मागून हात लागला.

तिने जीव खाऊन हिसडा दिला. कंबर पिळवटून निघाली, पाय सुटला आणि ती पोरीसकट रस्त्यावर पडली. तिच्यामागे झाड मोडल्याचा आवाज आला. जीप खाली गेली. आत राहिलेल्यांपैकी कोणी वर आलं नाही.

एवढंच तिने पोलिसांना सांगितलं, घरी सांगितलं, शाळेत सांगितलं. फक्त हाताचं सांगितलं नाही. बुडणारं माणूस धरतं तसं त्या बाईने आपल्याला धरलं होतं आणि आपण तिला झिडकारून सुटलो, असं तिच्या मनाने घेतलं होतं. संध्याकाळी सरकारी दवाखान्यात तो नवरा आला. त्याने पोर उचलली. सिंधूकडे त्याने एकदाही पाहिलं नाही, मान खाली घालून निघून गेला. तेव्हा तिची खात्रीच झाली. त्याने रस्त्यावरून सगळं पाहिलं असणार.

पोरीला ओरखडासुद्धा नव्हता, आणि सिंधूचंही काही मोडलं नव्हतं. दुखणं आठवड्याभराने सुरू झालं आणि मग गेलंच नाही. फळ्यापाशी उभं राहताना, कूस बदलताना, खुर्चीतून उठताना. सगळ्यात जास्त पायरी चढताना. पायरीवर पाय ठेवला की उजव्या खळीत कळ यायची, आणि कळेच्या आधी, निमिषभर आधी, कोणीतरी कमरेला हात लावायचं. ती वळून बघायची. भर दुपारी, एस.टी.च्या दारात, मागे माणसं खोळंबलेली असताना ती वळून बघायची. वर्गातल्या पोरांच्याही ते लक्षात आलं होतं. एकदा एका मुलीने तिला हळूच विचारलं होतं, बाई, तुमच्या मागं कोन हाय.

दोन वर्षं तिने तसंच रेटलं. मग रजा घेतली ती वाढतच गेली.

घरी रंगूबाईने ओळखायचं ते ओळखलं होतं. सहादू कामावर गेले की ती सिंधूला उंबऱ्याशी बसवून मीठमोहऱ्या ओवाळायची. त्र्यंबकच्या बाजूला कोणी जाणती बाई आहे, तिच्याकडूनही तिने काहीबाही आणून सिंधूच्या उशीखाली ठेवलं. ते एक दिवस सहादूंच्या हाती लागलं. ते ओरडणारे गृहस्थ नव्हते. पुडी बाहेर टाकून आले आणि हात धुऊन जेवायला बसले.

"छप्पन साली दीक्षा घेतली आणि सगळं सोडलं आपण, रंगू," ते म्हणाले. "भुतंखेतं, अंगारे, सगळं. पोर पोटात होती तुझ्या तेव्हा."

"आपण सोडलं," रंगूबाई म्हणाली. "पण त्यांनी आपल्याला सोडलं का?"

सहादूंनी ताट पुढे ओढलं. जळगावकडचं एक स्थळ सांगून आलं होतं. मुलगी पाय ओढते, असं त्यांना कोणीतरी कळवलं आणि ते पुढे सरकलंच नाही, हे त्यांनी घरात कोणाला सांगितलं नव्हतं. तेच आता मंगलाबाईंच्या दवाखान्याबद्दल दोनदा विचारून गेले. तू पळून का आलीस, हे मात्र त्यांनी विचारलं नाही.

सिंधू आपण होऊनच परत गेली, पंधरवड्याने, एकटी. मंगलाबाईंनी काही न झाल्यासारखं तिला आत घेतलं. या खेपेला त्यांनी हाडावर हात ठेवलाच नाही. तिला उताणं झोपवून तिचा गुडघा पोटाकडे वाकवला, मांडीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, माझ्या हाताला ढकल. जोर नको, दार लावतेस तेवढंच. सिंधू ढकलायची, त्या हात हलू द्यायच्या नाहीत. मग सोड म्हणायच्या, आणि सैल पडलेला पाय आणखी थोडा वाकवायच्या. पुन्हा ढकल, पुन्हा सोड. घरी कमरेखाली रुंद पट्टा आवळून बांधायला सांगितला, एका पायावर भार देऊन उभं राहायचं नाही म्हणून बजावलं. काही दिवसांनी सिंधूला कूस बदलताना जाग येईनाशी झाली. एकदा ती भांडी घासायला उकिडवी बसली आणि उठल्यावर तिच्या लक्षात आलं की उठताना आपण कशाला धरलं नाही.

पायऱ्यांवर मात्र तसंच होतं. कळ उणावली, हात तसाच राहिला. उलट आता मध्ये कळ नव्हती म्हणून तो जास्तच स्पष्ट लागायचा.

दवाखान्यात गर्दी नव्हती अशा एका दुपारी तिने मंगलाबाईंना सगळं सांगितलं. ती छताकडे बघत बोलत होती, तिचा पाय त्यांच्या हातात होता. सांगून झाल्यावर तिने विचारलं, कोणी मागून ओढलं तर हा सांधा असा अडकतो का?

"अडकेल. ओढलं तर अडकेल, ढकललं तर अडकेल, नुसतं पडूनसुद्धा अडकेल. हाडाला ते माहीत नसतं, सिंधू."

"तुम्ही मला ओढा," सिंधू म्हणाली.

मंगलाबाईंनी तिचा पाय खाली ठेवला.

"मागून. कमरेला धरून. मला बघायचंय."

त्यांना ते पसंत नव्हतं. असलं काही आपण करत नाही, त्याने दुखणं उलटेल, असं त्या म्हणाल्या. पण सिंधू तोवर टेबलाच्या कडेला येऊन बसली होती, तोंड दाराकडे, एक पाय खाली सोडून. कोपऱ्यातली उशी तिने दोन्ही हातांनी वर धरली. तिला तसं बसलेलं पाहून मंगलाबाई तिच्या मागे गेल्या. त्यांनी उजव्या बाजूने तिच्या कमरेवरचं पातळ मुठीत धरलं आणि बेताने मागे ओढलं.

सिंधू डोळे मिटून बसली. पातळ पोटावर आवळलं गेलं. त्या हिसक्यात बोटं होती, मूठ होती.

"असं नव्हतं," ती म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "आता ढकला. तळव्याने."

मंगलाबाईंनी मूठ सोडली. तळहात उघडा करून त्या खळीवर टेकवला आणि पुढे लोटलं.

बाहेरून एक टेम्पो गेला, खिडकीची काच थरथरली. सिंधूने उशी खाली घेतली आणि तिच्यावर कपाळ टेकवलं. ती रडत नव्हती.

"बोटं नव्हती," ती म्हणाली. "तिने मला धरलंच नव्हतं. पाय अडकला होता माझा, आणि तिने मागून लोटलं. मी हिसडा दिला म्हणून नाही सुटले."

मंगलाबाई समोर येऊन स्टुलावर बसल्या. त्यांनी नको इतकी माणसं या टेबलावर बोलताना ऐकली होती.

"बाळ, एक विचारते," त्या म्हणाल्या. "तुला जे हवंय तेच तर तुला आठवत नसेल ना?"

सिंधूने मान वर केली. "माहीत नाही," ती म्हणाली.

तिने खोटं सांगितलं नाही म्हणून मंगलाबाईंना बरं वाटलं. त्यांनी उठून तिला पाणी दिलं आणि त्या दिवसाचं काम तिथेच थांबवलं.

सहादूंनी खटपट करून नाशिकजवळच्या शाळेत तिच्या बदलीचं जवळजवळ जमवत आणलं होतं. सिंधूने नको म्हटलं. जूनमध्ये ती पुन्हा सुरगाण्याकडच्या त्याच शाळेत हजर झाली. रंगूबाई आठवडाभर तिच्याशी बोलली नाही, आणि निघताना मात्र तिच्या पिशवीत दोन पट्टे घातले, एक जुना झाला तर दुसरा असावा म्हणून.

पावसाळाभर सिंधू चौकशी करत होती. जीपमध्ये सांगितलेलं गाव मोठं निघालं, त्याचे पाडे डोंगराआड विखुरलेले. शेवटी एका पालकाने नाव सांगितलं: काळू भोये, सगळ्यात वरच्या पाड्यावर. नागली, म्हणजे नाचणी, कापणीला आली होती तेव्हा एका रविवारी सकाळी ती निघाली. वाट चढाची होती. ती सावकाश चढली. जागोजागी तो हात तिच्या कमरेला लागत होता आणि आज ती वळून बघत नव्हती. तो मागे ओढत होता की पुढे लोटत होता, हे चढावर तिला सांगता आलं नसतं. तिला ते तपासायची भीतीही वाटत होती.

काळू खळ्यावर नागलीची कणसं पसरत होता. तिला पाहताच त्याने ओळखलं. हातातली पाटी खाली ठेवली आणि त्या संध्याकाळी दवाखान्यात घातली तशीच मान खाली घातली. घरातून एक बाई बाहेर आली. ही अक्काबाई, त्याची दुसरी बायको. तिने घोंगडी टाकली, पाणी आणलं, आणि ही कोण हे नवऱ्याच्या तोंडावरून ओळखून तिथेच भिंतीला टेकून उभी राहिली.

सिंधूने मनाशी पुष्कळ जुळवलं होतं, त्यातलं काही तिला आठवेना. भागीने मला मागून ढकललं म्हणून तुमची पोर वाचली, एवढंच तिने सांगितलं. मग तिला मंगलाबाईंचा प्रश्न आठवला आणि ती म्हणाली, मला तसं आठवतं. अगदी खात्रीने नाही सांगता येत. पण मला तसं आठवतं.

काळू कितीतरी वेळ जमिनीवरची नागली बोटाने इकडची तिकडे करत राहिला.

"बाई, मी मागच्या फळीवं उभा व्हतो," तो शेवटी म्हणाला. "जीप कलली आन मी उडी टाकली. सगळ्यांच्या आधी. तिला हात देया पायजे व्हता, मी नाय दिला."

सिंधूने हातातला पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"तुमी पाह्यलं आसंल, म्हनून मी तुमच्याकडं पाह्यलं नाय. आज तुमाला वाटंवं पाह्यलं तवा वाटलं, तेच सांगाया आल्या."

"मी नव्हतं पाहिलं," सिंधू म्हणाली. "मला वाटलं, तुम्ही मला पाहिलं."

तो पहिल्यांदाच तिच्याकडे बघू लागला. तीन वर्षं ज्याच्या नजरेला ती भ्यायली होती तो माणूस तिच्याच वयाचा होता, कदाचित लहानच. त्याचे डोळे जागरण झालेल्या माणसासारखे लाल होते.

"ती ढकलायचीच," तो म्हणाला. "कामाला उशीर झाला का मला आशीच पाठीवं थाप मारून भायेर काढं." आणि थांबून, "हिला मी कदी सांगितलं नाय. ती कशी गेली ते."

हिला म्हणजे अक्काबाईला. अक्काबाईने ते ऐकलं होतं. ती आत गेली. बऱ्याच वेळाने भाकरी थापल्याचा आवाज येऊ लागला.

पोर शेजारच्या घरून धावत आली. तिचं नाव चांगुणा. ती सिंधूपासून हातभर अंतरावर उभी राहून तिला न्याहाळत होती. शाळेत येशील का, सिंधूने विचारलं. तिने नाही म्हणून मान हलवली आणि आई आई करत घरात पळाली.

जेवूनच जायचं असं अक्काबाई म्हणाली. ते विचारणं नव्हतं. आत अंधार आणि धूर होता, बाहेरच्या उन्हातून गेल्यावर आधी काही दिसेना. पळसाच्या पत्रावळी भिंतीकडेने मांडल्या होत्या. काळूची, चांगुणाची, सिंधूची, चुलीजवळ अक्काबाईची स्वतःची. तिने प्रत्येकीवर नागलीची भाकरी आणि उडदाची आमटी वाढली. मग कोनाड्यातून आणखी एक पत्रावळ काढली, पदराने पुसली, आणि ती ठेवायला जागा शोधत क्षणभर उभी राहिली.

भागीची पत्रावळ या घरात आजवर मांडली गेली नव्हती, हे काळूच्या थांबलेल्या हातावरून सिंधूला समजलं.

तिने आपली पत्रावळ उचलली आणि डावीकडे सरकून बसली. अक्काबाईने मधल्या जागेत पाचवी पत्रावळ ठेवली, भाकरीचा घास मोडून तिच्यावर वाढला, आणि सगळे जेवू लागले.